ठेवायच्या आणि बोळवायच्या

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला आपल्याकडे कोणी हसत नाही. जुनी नाणी, आगपेट्यांवरची चित्रे, अडकित्ते, दिवे जमवणाऱ्याला तर चार लोक मान देतात. पण नातवंडे मांडीवर खेळवणारी एखादी बाई स्वतःसाठी बाहुल्या जमवते, त्यांच्यासाठी काचेची कपाटे करून घेते आणि एका बाहुलीपायी दोनशे मैलांचा प्रवास करून येते, असे सांगितले तर ऐकणारा आधी तिच्या घरच्यांची विचारपूस करील. बाहुली म्हणजे पोरीबाळींचा खेळ, पोर मोठी झाली की खेळ संपला, हा आपला हिशेब. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. मात्र जगात सगळीकडे हाच हिशेब चालतो असेही नाही.

अमेरिकेत बाहुल्या जमवणाऱ्यांचे इतके संघ निघाले की १९४९ साली त्या सगळ्यांचा मिळून एक महासंघ काढावा लागला. त्याची अधिवेशने भरतात, स्पर्धा होतात, आणि परीक्षक भिंग लावून बाहुलीची मान तपासतात. हसू नका. जुन्या जर्मन आणि फ्रेंच चिनी मातीच्या बाहुल्यांच्या मानेमागे, केसांच्या टोपाखाली, साच्याचा आकडा नाहीतर कारखान्याची खूण उमटवलेली असते. तिच्यावरून बाहुलीचे कुळगोत्र कळते. आपल्याकडे लग्न जुळवताना सुद्धा इतके बारकाईने कोणी पाहत नसेल. त्यातल्या पुष्कळ बाहुल्यांचे माहेर जर्मनीतले झोनेबेर्ग हे गाव. तिथे कित्येक पिढ्या घरोघर बाहुल्यांचाच धंदा चाले. एका घरी डोकी, दुसऱ्या घरी हातपाय, तिसऱ्या घरी कपडे. साऱ्या गावाने मिळून एक बाहुली जन्माला घालायची. त्याच गावात १९०१ साली खेळण्यांचे संग्रहालय उघडले.

इंग्लंडात हा नाद थेट राजवाड्यापर्यंत गेला होता. व्हिक्टोरिया राणी लहानपणी फार एकटी वाढली. बरोबरीच्या पोरी नाहीत, मोकळे खेळणे नाही. त्या राजकन्येजवळ १३२ लाकडी बाहुल्या होत्या. आपल्या शिक्षिकेच्या मदतीने तिने त्यांना दरबारातल्या बायकांचे आणि नाटकातल्या नर्तकींचे पोशाख शिवले आणि वहीत एकेकीचे नाव लिहून ठेवले. पुढे जिच्या नावाचा रुपया आपल्या वाडवडिलांनी कनवटीला लावला ती हीच. तिच्या नातसुनेसाठी, मेरी राणीसाठी, १९२४ साली बाहुल्यांचे एक घर पुरे झाले. खऱ्या घराच्या बारावा हिस्सा माप. नळाला पाणी येते, दिवे लागतात, पुस्तकांच्या कपाटात त्या काळच्या नामवंत लेखकांनी मुद्दाम लिहून दिलेली बोटभर पुस्तके आहेत. ते घर बांधणारा वास्तुविशारद एडविन लुट्येन्स. दिल्लीचे राष्ट्रपतिभवनही त्याचेच. एका हाताने साम्राज्याचा वाडा आणि दुसऱ्या हाताने बाहुलीचा! आज साम्राज्य गेले. बाहुल्यांचे घर विंडसरला शाबूत आहे.

रशियातली पोटात पोट असलेली लाकडी मात्र्योष्का फार पुरातन असेल असे आपल्याला वाटते, पण तिचा जन्म १८९० च्या दशकातला आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. अमेरिकेची बार्बी तर १९५९ ची. तिच्याविषयी आपल्या लेकीबाळींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेव्हा तिला इथेच सोडते. मला थांबायचे आहे ते जपानापाशी.

जपानात ३ मार्च हा मुलींचा सण. घरात लाल कापडाच्या पायऱ्या मांडतात, वरच्या पायरीवर राजा आणि राणी, खाली दासी, वादक, मंत्री, त्यांची इवली भांडीकुंडी, पेटारे. या बाहुल्या खेळायच्या नव्हेत. आईच्या लेकीकडे, लेकीच्या तिच्या लेकीकडे अशा त्या येतात. सण झाला की लगेच आवरून ठेवायच्या. मांडून ठेवल्या तर मुलीचे लग्न लांबते, अशी तिकडची समजूत. (आया सगळीकडच्या सारख्याच.) पण या सणाचे मूळ पाहू गेल्यास निराळेच निघते. फार पूर्वी तिथे कागदाची बाहुली करीत, ती अंगावरून फिरवून आपली पीडा तिच्यावर घालीत आणि तिला नदीत सोडून देत. काही ठिकाणी आजही त्या दिवशी बाहुल्या होडीत बसवून पाण्यात सोडतात. बोळवायची बाहुली हळूहळू ठेवायची झाली. ती अधिक सुंदर होऊ लागली, तिच्या अंगावर रेशीम आले, मग तिला पाण्यात टाकायला कोणाचा हात धजेना. नुसत्या संग्रहाच्या हौसेमागे सुद्धा एवढा इतिहास असतो.

जपानचीच आणखी एक हकिकत सांगते, कारण ती शाळांची आहे. १९२४ साली अमेरिकेने कायदा करून जपान्यांना आपल्या देशाचे दार बंद केले. दोन्हीकडे मने बिघडली. जपानात बरीच वर्षे राहिलेला सिडनी गुलिक नावाचा एक मिशनरी होता. त्याने मनात घेतले की मोठ्यांचे जमत नाही तर पोरांपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या मुलांनी, आयांनी, शाळांनी मिळून १२,७३९ बाहुल्या जमवल्या आणि १९२७ च्या बाहुल्यांच्या सणाला त्या जपानातल्या शाळांना पाठवल्या. निळ्या डोळ्यांच्या त्या पाहुण्यांचे थाटाने स्वागत झाले. उलट भेट म्हणून जपानने ५८ मोठ्या, भरजरी बाहुल्या आपापल्या प्रांतांची नावे देऊन अमेरिकेला धाडल्या. पुढे चौदा वर्षांनी त्याच दोन देशांत युद्ध पेटले. बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. त्या फोडाव्या, जाळाव्या असे हुकूम सुटले आणि बहुतेक शाळांत ते अमलातही आले. काही मास्तरांच्या आणि मास्तरणींच्या हातून मात्र ते झाले नाही. कोणी बाहुली माळ्यावर दडवली, कोणी कपाटाच्या मागे भिंतीत. बारा हजारांतल्या सुमारे तीनशेच उरल्या. हुकूम मोडून बाहुली लपवणाऱ्या त्या मास्तरांची सांगावी तेवढी थोरवी थोडीच. खबर लागली असती तर नोकरीवरच भागले असते असेही नाही.

आपल्या देशात बाहुल्यांचा मोठा संग्रह उभा राहिला तोही अशाच एका परक्या पाहुणीमुळे. दिल्लीचे व्यंगचित्रकार शंकर पिल्लै मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा घेत. १९५० च्या सुमारास हंगेरीच्या राजदूताने स्पर्धेत बक्षीस देण्यासाठी म्हणून एक बाहुली त्यांना दिली. शंकर तिच्यावर लुब्ध झाले. मग ज्या देशाला जावे तिथून बाहुली आणावी असा क्रम सुरू झाला. संग्रह वाढला, त्याची प्रदर्शने झाली, ती पं. नेहरूंनी पाहिली, आणि ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आज तिथे सुमारे ८५ देशांच्या सहा हजारांवर बाहुल्या आहेत. शंकरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: संग्रहालयातच कारखाना घातला आणि भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या पोशाखातल्या बाहुल्या तिथे करवून, त्या परदेशी देऊन तिकडच्या घेतल्या. दिल्या-घेतल्याशिवाय सोयरीक होत नाही.

दक्षिणेकडे मात्र अशा संग्रहालयाची वाट पाहावी लागली नाही. तिथे नवरात्रात घरोघर ‘कोलू’ मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्या, त्यांवर देवदेवता, राजे, वाणी, वऱ्हाड, बाजार; दर वर्षी एखादी नवी बाहुली आणून भर घालायची. घरातल्या सुनेला आजेसासूच्या बाहुल्या नावानिशी ठाऊक असतात. तंजावरात भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा कोलू मुरला. घरात मोडकीतोडकी जुनी मराठी बोलायची आणि नवरात्रात तमिळ शेजारणींना कोलू पाहायला बोलवायचे, असे ते दोन्ही दारांतले जिणे. शिवरायांच्या भावाची गादी जिथे नांदली तिथल्या आपल्या माणसांनी बाहुल्या जमवण्याची रीत उचलली. मग इकडे, मूळ घरी, आपल्याजवळ काय आहे?

मला वाटते, आपल्याजवळ आहे ते जमिनीत आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून धाडच्या बाजूने शीव ओलांडली की जालना जिल्ह्यातले भोकरदन लागते. केळणा नदीच्या काठचे गाव. तिथे जुनी पांढर आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीने डॉ. देव आणि डॉ. गुप्ते यांनी ती खणली. सातवाहनांच्या काळचे भोगवर्धन नावाचे नगर ते हेच. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे येतात. म्हणजे इथला माणूस तेव्हा तिथवर जाऊन पुण्य जोडीत होता. त्या खणतीत मण्यांबरोबर, मातीच्या मूर्तींबरोबर, हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आणि तिने विद्वानांना चमकवले. कारण तिची बहीण शोभेल अशी एक बाई आधीच जगप्रसिद्ध झाली होती, आणि ती सापडली होती इटलीत.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वत फुटला आणि पाँपेई नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथे खणताना एका घरात हस्तिदंताची सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय स्त्री निघाली. दोन बाजूंना दोन दासी, कमरेला मेखला, मनगटापासून वर चढलेल्या बांगड्या, पायांत वाळ्यांच्या थप्प्या. लोकांनी तिला लक्ष्मी म्हटले, पुढे कोणी यक्षी म्हटले. तिच्या माथ्यावर भोक पाडलेले आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगाचा पाया असेल असे तर्क झाले. आधी ती मथुरेकडची समजली जाई. मराठवाड्यातल्या तेर येथे आणि आमच्या शेजारच्या भोकरदनला तशाच घाटाच्या मूर्ती मिळाल्यावर तिचे माहेर इकडे दख्खनेत असावे असे पुष्कळांना वाटू लागले. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतले अक्षर असल्याने वाद मिटलेला नाही. मी तिचे चित्र पाहिले तेव्हा मला मथुराही आठवली नाही आणि लक्ष्मीही नाही. आमच्या मेहकर-लोणार रस्त्याला कापूस वेचायला जाणाऱ्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या बंजारणींचे हात आठवले, कोपरावर चढवलेल्या बांगड्यांचे.

कोणी म्हणेल, ही बाहुली कशी? खेळणे थोडेच होते ते! मान्य आहे. पण तेरला खेळणीही सापडली आहेत. तिथे दोन साच्यांत घालून केलेल्या मातीच्या बाहुल्या ढीगभर मिळाल्या. त्या गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तिथे उभे आहे. पावसाने पांढर धुपली की वर येणारे मातीचे मुंडके साऱ्या गावाने पायाने लोटावे आणि एकाने वाकून उचलावे, असा प्रकार असतो. पुण्याचे दिनकर केळकरही तसलेच. आपला लाडका मुलगा राजा अकाली गेला, त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव हिंडून दौती, दिवे, अडकित्ते, खेळणी गोळा केली आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. गेलेल्या मुलाच्या नावाने जमवलेली खेळणी पाहताना माझा पाय त्या दालनातून लवकर निघाला नाही.

आता रोमची एक गोष्ट सांगते आणि मग आपल्या घरी येते. १८८९ साली रोममध्ये न्यायमंदिराचा पाया खणत असताना दगडी शवपेटी लागली. आत सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची एक तरुण मुलगी होती. तिचे नाव पेटीवर कोरलेले होते, क्रेपेरेइया ट्रायफेना. बोटात अंगठ्या, आणि शेजारी हस्तिदंताची सांधे हलणारी बाहुली. बाहुलीचे केस त्या काळच्या राणीसारखे बांधलेले, तिच्या बोटात इवल्या किल्लीची अंगठी. रोमन मुलींची रीत अशी होती की लग्नाच्या आधी बाहुल्या देवीला वाहून टाकायच्या. बालपण तिथे उतरवून ठेवायचे आणि मग सासरी जायचे. या मुलीची बाहुली देवीला वाहिली गेली नाही. त्याआधीच ती मेली, म्हणून बाहुली तिच्याजवळ राहिली, आणि म्हणून ती आज आपल्याला पाहायला मिळते. लग्न झाले असते तर त्या बाहुलीचा मागमूस लागला नसता.

इथे माझ्या मनाने रोम सोडले आणि वऱ्हाड गाठले. कारण आमच्या मुलींच्या बाहुल्यांचा मागमूस लागत नाही तो नेमका याच कारणाने.

कोकणात सावंतवाडीला चितारआळी आहे, तिथे रंगीत लाकडी खेळणी होतात. लाकडाची ठकी तिकडच्या पोरींची पिढीजात मैत्रीण. आमच्याकडे सुतार वखर-तिफणीतून मोकळा झाला तर पोळ्याला लाकडाचे बैल करील. मुलींच्या वाट्याला चिंधी. पण ती चिंधी काही कमी समजू नका. फाटक्या लुगड्याचा मऊ तुकडा घ्यायचा, त्यात कापूस भरायचा, मान दोऱ्याने आवळायची. काळ्या दोऱ्याचे डोळे, तांबड्या दोऱ्याचे ओठ, आईच्या फणीत अडकलेल्या केसांची वेणी. कापसाला वऱ्हाडात काय तोटा? १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावच्या कापूसपेठेसाठी रेल्वेचा खास फाटा काढला, तो १८७० साली उघडला. आमचा कापूस त्या फाट्याने मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला जाई. व्हिक्टोरिया राणीच्या रयतेतल्या कुठल्या पोरीच्या बाहुलीच्या झग्यात आमच्या जळगाव-नांदुऱ्याचे सूत गेलेच नसेल असे कोणी सांगावे? आमच्या पोरींच्या बाहुलीत मात्र वेचणीच्या वेळी ओट्यात राहिलेली चार बोंडे असत. तेवढ्यावर ती चांगली गुबगुबीत होई.

आणि अशा बाहुलीचे काय करायचे? लग्न. दुसरे काही ठाऊकच नव्हते. एका घरची बाहुली, दुसऱ्या घरचा बाहुला. वधूपक्ष आणि वरपक्ष भांडून वेगळे बसायचे. आगपेटीच्या डब्यांचे पेटारे, चिंचोक्यांचा आहेर, चुरमुऱ्यांची पंगत. आमच्या मुलखाचे नावच वऱ्हाड, तेव्हा लग्नाला वऱ्हाडी हवेत तितके. आई गाण्याला येई, आजी ओटी भरी, एखादा आजोबा खरोखरीच अक्षता टाकी. वरून सारे हसण्याचे होते. पण ती बाहुलीची मालकीण दहा वर्षांची असेल तर पुढल्या माघात तिचाच अंतरपाट धरला जाणार होता. बाहुलीचे लग्न म्हणजे तिच्या लग्नाची तालीम. मुलीला चौदा वर्षांच्या आत लग्न नको असे सांगणारा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. तो खेड्यापर्यंत चालत यायला आणखी वीस वर्षे लागली. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, आमच्या बुलढाण्याच्याच ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला होता. तिचा आवाज त्या काळी फारसा कोणी ऐकला नाही.

माझी आजी अकराव्या वर्षी सासरी आली. खाचरात बसताना तिने बाहुली सातूच्या पिठाच्या डब्यात घातली होती, पिठात पार खाली, कोणाला दिसू नये म्हणून. चार दिवसांनी सासूने डबा उघडला. रागावली नाही. बाहुली काढून झटकली, आणि कणगीमागच्या कोनाड्यात ठेवून दिली. म्हणाली, “राहू दे तिथं. काम आवरलं की बघ.” काम कधी आवरले नाही, असे आजी हसून सांगे. पुढे तिला मुली झाल्या तेव्हा ती बाहुली त्यांच्या हाती गेली, आणि मुलींच्या हाती गेलेली चिंधी किती दिवस टिकते! रोमनांना देवीला वाहावी लागे, आम्हांला एवढे सोपस्कारही नव्हते. ती आपोआप संपे.

शिवाय वऱ्हाडातल्या मुलींची जी खरी मानाची बाहुली, ती तर बोळवण्यासाठीच आणतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. शंकराला भुलवायला पार्वती भिल्लीण झाली, ती भुलाबाई आणि भुलला तो भुलोबा. कुंभाराकडची रंगवलेली मातीची जोडी, मांडीवर बहुधा एक मूल. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. त्या गाण्यांत देव थोडा आणि सासर-माहेर फार. मग खिरापत. झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचे. मी लहान असताना डब्याच्या नुसत्या आवाजावरून फुटाणे की शेंगदाणे हे सांगणारी एक मैत्रीण होती, तिच्यामुळे आम्हांला पुष्कळ घरी लवकर खाऊ मिळे. कोजागिरीला नव्या ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, त्याखाली भुलाबाई, चांदण्यात गाणी, आणि दुसऱ्या दिवशी तिला पाण्यात पोचवून यायचे. काही घरांत ती पुढच्या वर्षासाठी जपतात, पण आमच्याकडे पोचवायची रीत होती. महिनाभर जिला सजवले ती बुडबुडे सोडीत खाली जाताना पाहायचे आणि परतताना मागे वळून पाहायचे नाही. माहेरवाशीण पाठवतात तशी. ज्या मुलखात बाहुलीला आणि मुलीला दोघींनाही बोळवतच असत, तिथे बाहुल्या जमवण्याचा छंद निघणार कुठून?

मात्र एक जागा अशी आहे की जिथे आमच्या बायकांनीही बाहुल्या जमवल्या. फक्त त्याला छंद म्हटले नाही, कुळाचार म्हटले. ती म्हणजे महालक्ष्म्यांपुढची आरास. ज्येष्ठा-कनिष्ठा तीन दिवस बसतात, त्यांच्या पुढ्यात पाटांच्या नाहीतर डब्यांच्या पायऱ्या करून खेळणी मांडतात. मातीचा वाणी आणि त्याची तागडी, मान हलवणारा म्हातारा, दळणारी बाई, पाणी शेंदणारी बाई, सेल्युलॉइडची गोरी बाहुली, मुंबईला गेलेल्या मावशीने आणलेला चावीचा माकड. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही हेच. सण झाला की एकेक खेळणे फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत. पोरांनी हात लावायचा नाही. कित्येक घरांत ही ट्रंक साठ-सत्तर वर्षांची आहे, आणि तिच्यात कोणते खेळणे कोणत्या साली, कोणाच्या बारशाला आले हे सांगणारी एखादीच म्हातारी शिल्लक आहे. जपानी पायऱ्या, तंजावरचा कोलू आणि आमची आरास एकाच रांगेत मांडून पाहाव्यात असे मला फार वाटते. पण जपानी बाहुलीला कपाट मिळाले, तंजावरची बाहुली दुकानात प्रतिष्ठा पावली, आणि आमच्या ट्रंका वाटणीच्या वेळी भंगारवाल्याच्या तराजूत जातात. पत्र्याला किलोमागे भाव येतो. आतल्या मातीला येत नाही.

मागल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी सातवीच्या मुलींना सांगितले, घरातले सगळ्यांत जुने खेळणे आणा. बत्तीस मुलींनी एकोणतीस खेळणी आणली. प्लॅस्टिकच्या बाहुल्या, डोळे मिचकावणाऱ्या, एक पाय नसलेल्या. एक पितळी भातुकलीची कढई. आराशीतला एक मातीचा पोपट, चोच गेलेला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने फडक्यातून चिंधीची बाहुली काढली. पणजीची, म्हणाली. लुगड्याचा रंग आता सांगता येत नव्हता, डोळ्यांचे दोरे उसवून नुसती भोके राहिली होती, नाकात एक लाल मणी होता. तिची बहीण लग्नाच्या रुखवतात मांडायला मागत होती, पण पणजीने लिहून ठेवावे तसे बजावले होते की ही कोणाच्या आहेरात जायची नाही.

बाहुली हातोहात फिरली. एकीने पोट दाबून पाहिले आणि ओरडली, “बाई, आत खडे आहेत!” मीही दाबून पाहिले. खडे नव्हते, सरकी होती. शेतातून आणलेला कापूस त्या काळच्या कोणा पोरीने घाईघाईने बोटांनी वेचून तसाच भरला होता, बियांसकट. मुली शेतकऱ्यांच्या; मग वर्गात दुसराच वाद सुरू झाला. इतक्या वर्षांची सरकी पेरली तर उगवेल की नाही? निम्म्या म्हणाल्या उगवेल, निम्म्या म्हणाल्या किडली असेल. एकीने, पाहू या का, म्हणून शिवणीला नख लावले. तेव्हा त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने काही न बोलता बाहुली तिच्या हातातून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि दप्तरात पुस्तकांच्या खाली ठेवली.